खांबापाशी न वाकलेली रेघ

१

"रेघ माथ्यावरून वाचायची नाही, पोरी. खाली उतर, समुद्राकडे पाठ कर, आणि चढत चढत वर ये. पाणी त्याच वाटेने आलेलं असतं."

वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी वादळानंतरच्या सकाळी डोळा उघडला की याकोमिना विसेच्या कानात पहिल्यांदा हाच आवाज यायचा. मग ती अंथरुणातच हात जोडायची आणि गावासाठी प्रार्थना म्हणायची. ती संपेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाही. नवरा गेला त्या दिवशीही तिने हा नेम मोडला नव्हता.

त्या मंगळवारी प्रार्थना अर्ध्यात असतानाच फोन वाजायला लागला. तिने तो वाजू दिला. "आमेन" म्हणून उचलला, तेव्हा पलीकडे बांधसभेचा प्रमुख रोम्बाउट होता.

"बाई, बांधावर या. पांढऱ्या खांबापाशी. क्राइन गेला."

वेस्टनिस गावातले निम्मे लोक तिला बाईच म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर गावाने तिला बांधसभेवर निवडून दिलं होतं. सभेत ती बोलायची कमी, पण ती बोलायला लागली की बाकीचे थांबायचे.

ती पायऱ्या चढून बांधाच्या माथ्यावर आली. वारा पडला होता. कोरडंच वादळ होतं, पावसाचा थेंब नव्हता. बांधाच्या समुद्राकडच्या उतारावर, खाली दगडांत, ताडपत्रीखाली क्राइन माल्यार्स होता. त्याचा जोडीदार इझाक कोपयान वरच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसला होता. त्याचे दात वाजत होते.

दर हिवाळ्याच्या तोंडाला गावातले बांधराखे, वादळी रात्री बांधावर गस्त घालणारे, शेडमध्ये जमत आणि जोडीदाराच्या हातात हात देऊन एकच वाक्य म्हणत: दोघं जायचं, दोघं यायचं. क्राइन आणि इझाक तरुणपणापासून जोडीदार होते. शिवाय एकमेकांचे मेव्हणे.

"काय झालं, इझाक?" याकोमिनाने त्याच्या शेजारी टेकत विचारलं.

"संध्याकाळची भरती टिपेला होती," तो ताडपत्रीकडे न बघता म्हणाला. "आम्ही वरच्या वाटेवर उभे होतो. एक लाट सरळ वर आली. त्याचे पाय गेले. मी आतल्या बाजूला फेकला गेलो. डोकं आपटलं बहुतेक. शुद्ध आली तेव्हा उजाडत होतं. वायरलेस त्याच्याकडे होता."

"वरच्या वाटेवर? इतक्या वर लाट आली?"

उत्तर रोम्बाउटने दिलं. त्याने नुसतं बोट केलं. वरच्या वाटेच्या हातभर खाली लव्हाळ्याच्या काड्या, गवत आणि शिंपल्यांची काळपट रेघ पसरली होती. लाट जिथवर चढते तिथे हा कचरा टाकून परत फिरते. इथल्या लोकांच्या लेखी ती समुद्राने स्वतःच्या हाताने केलेली सही. पांढऱ्या खांबाच्या अलीकडे, पलीकडे, ती दोरी धरल्यासारखी सरळ गेली होती.

"खांबाच्या या बाजूला जुना डांबरी उतार, त्या बाजूला उन्हाळ्यात टाकलेले नवे दगड," रोम्बाउट म्हणाला. "दगडांनी लाट खाली राहील असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. पहिल्याच वादळात काय झालं ते दिसतंय. आणि उद्या संध्याकाळी याहून मोठं वादळ येतंय, बाई. दगड खोटे ठरले तर मी गाव रिकामं करणार. उद्या दुपारपर्यंत मला ठरवावं लागेल."

एकोणीसशे त्रेपन्नच्या समुद्राच्या पुरात त्याच्या आजीचं अख्खं घर वाहून गेलं होतं. तो उगाच घाबरवत नव्हता. घाबरलेला होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी पायऱ्या चढत आलं. तानेके होती, क्राइनची मुलगी, बांधसभेची इंजिनियर. नवे दगड तिनेच आणले होते, सभेत भांडून. तिने आधी ताडपत्रीकडे बघितलं आणि मग त्या रेघेकडे.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या दगडांनीच बाबांना मारलं का?"

२

दुपारच्या जेवणानंतरचा बायबलचा अध्याय वाचून याकोमिनाने पुस्तक मिटलं. पण त्यातला एकही शब्द आत उतरला नव्हता. तानेकेला सकाळी ती काही उत्तर देऊ शकली नव्हती. नुसता तिचा हात धरला होता. उत्तर न देता हात धरणं हीसुद्धा कधीकधी पळवाटच असते, असं तिला राहून राहून वाटत होतं.

ती इझाकच्या घरी गेली. बांधाच्या पायथ्याचं निळ्या दाराचं घर. दाराला आत, उंचावर, नवी कडी होती.

"कोण आहे?" इझाकने दार किलकिलं केलं. "तू होय. ये. पण फार वेळ नको, योझिनाला बरं नाहीये."

त्याची बायको योझिना खिडकीशी बसली होती, केस नीट विंचरलेले, मांडीवर हात. ती याकोमिनाकडे बघून गोड हसली. "आज रविवार का?"

"नाही गं, मंगळवार."

"मग ही चर्चला का गेली नाही अजून?" तिने इझाकला विचारलं.

"जाईल, जाईल," इझाक म्हणाला आणि कॉफी ओतायला वळला. कॉफी बशीत सांडली. "तुला ठाऊकच आहे. हल्ली जरा विसरते."

जरा नव्हे, हे याकोमिनाच्या लक्षात आलं. गावाला इतकं कळलं नव्हतं. इझाक चर्चमध्ये एकटा यायचा आणि योझिनाची सर्दी, योझिनाचे गुडघे, असं काही ना काही सांगायचा.

"उद्या गाव रिकामं केलं तर हिला न्यायची सोय?"

इझाकचा हात थांबला. "गाव कशाला रिकामं करतील?"

"रेघ बघितलीस ना. रोम्बाउट म्हणतो, आजच्यापेक्षा मोठं वादळ आलं तर पाणी माथ्यावरून आत येईल."

"पण ते..." त्याने ओठ मिटले. जरा वेळाने म्हणाला, "तिला शहरातल्या त्या विसराळू म्हाताऱ्यांच्या घरात नेतील. दारं आपोआप बंद होतात तिथे. मी बघून आलोय. एकदा आत गेलेलं माणूस तिथून घरी येत नाही, याकोमिना."

योझिनाने मध्येच याकोमिनाची बाही ओढली. "काल माझा हात धरून झोपला हा," ती गुपित सांगावं तशी म्हणाली. "म्हटलं, कोट तरी काढ."

"ती रोज काहीतरी बोलते," इझाक घाईने म्हणाला.

याकोमिनाने कॉफी संपवली. निघताना तिची नजर शेगडीकडे गेली. तिथे योझिनाचे रविवारचे काळे जोडे वाळत ठेवले होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. टाचांना ओढ्याकाठचा पिवळा चिखल होता.

बाहेर आल्यावर तिला थंडी वाजली. वारा नव्हता तरी.

३

लेविन मेंढपाळ बांधाच्या आतल्या उतारावर कुंपण ठोकत होता. क्राइनचं आणि त्याचं उन्हाळ्यापासून भांडण. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"या, बाई. तुम्ही मला गणितात भोपळा दिला होतात. अजून मेंढ्या मोजताना आठवण येते."

"मोजणी जमते का आता?"

"मेंढ्यांची तक्रार नाही." त्याने हातोडा खाली ठेवला. "विचारा. क्राइनशी का भांडत होतो, ते. तानेकेच्या दगडांनी माझ्या मेंढ्यांची खाडीकडे उतरायची वाट बंद केली. मी त्याला म्हटलं, तुझी पोरगी समुद्र अडवायला निघाली आणि अडवलं माझ्या मेंढ्यांना. तो म्हणाला, मेंढ्यांनाही आता शाळेत घाल. असं रोज चालायचं आमचं." तो थांबला. "आता कोणाशी भांडू?"

"काल संध्याकाळी तू कुठे होतास?"

"समुद्राकडच्या उतारावरचं गवत खात होत्या मेंढ्या दुपारपर्यंत. वारा फिरला तशा आत आणल्या. अंधारून येत होतं तेव्हा एकदा माथ्यावर चढून बघितलं. हे तुम्हालाच सांगतो, बाई, दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मी नाकबूल करीन. लाटा त्या दगडांत शिरत होत्या आणि तिथेच फसफसून बसत होत्या. ताकद नाही, काही नाही. म्हटलं, पोरीने काम चांगलं केलंय."

"पण रेघ वर आहे."

"तेच म्हणतो. नंतर चढल्या असतील."

"क्राइन दिसला?"

"हात केला त्याने. वर वाटेवर होता."

"आणि इझाक?"

लेविनने टोपी मागे सारली. "तो नाही दिसला. शेडमध्ये गेला असेल."

याकोमिना निघाली तसा तो मागून म्हणाला, "बाई, आणखी एक आहे. पण तुम्ही हसाल."

"मी तुला वर्गात कधी हसले का?"

"माझं दाताळं, कचरा ओढायचं. मेंढवाड्याच्या खुंटीवर मी ते दात वर करून टांगतो, खाली कुत्रं झोपतं म्हणून. आज सकाळी दात खाली होते. आणि ओले. लव्हाळं अडकलेलं."

"हे रोम्बाउटला सांगितलंस?"

"काय सांगू? दाताळं माझं, भांडण माझं. त्याला हवा तो माणूस आयताच मिळेल." लेविन हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "मी रात्रभर विचार करत बसणार आहे, बाई. कोणी माझं दाताळं घेऊन काय केलं असेल?"

त्या रात्री याकोमिनालाही झोप लागली नाही.

४

बुधवारी सकाळी आभाळ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं झालं होतं. तानेकेच्या स्वयंपाकघरात कोणीतरी आणून दिलेले बोलुस, दालचिनीचे गोड पाव, तसेच पडले होते.

"खा थोडं," याकोमिना म्हणाली.

"नाही उतरत, बाई."

टेबलावर दवाखान्यातून आलेल्या क्राइनच्या वस्तू होत्या. बंद पडलेला वायरलेस, पेपरमिंटची पुडी, किल्ली आणि नारिंगी डोक्याच्या मूठभर मेखा.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पाय मोडला होता. पण जीव पायाने नाही गेला. थंडीने गेला." तानेकेने पेपरमिंटची पुडी उलटी केली, सुलटी केली. "म्हणजे बराच वेळ होते ते, बाई. तिथे. माझ्या दगडांत."

याकोमिनाने डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "दगडांवर लाट किती चढायला हवी होती? तुझ्या हिशेबाने."

"हिशेब काय, प्रयोगशाळेतल्या लाटांच्या टाकीत करून बघितलं होतं. रोम्बाउट माझ्या शेजारी उभा राहून चुका काढत होता. डांबरावर लाट सरसरत वर जाते, तिला धरायला काही नसतं. दगडांच्या फटींत तिचा दम जातो. तिसरा हिस्सा तरी कमी चढायला हवी. कचराही फटींत गिळला जातो." ती खिन्न हसली. "पण टाकी म्हणजे समुद्र नाही, असं रोम्बाउट म्हणाला होता. समुद्राने त्याच्या बाजूने सही केली."

"कचरा फटींत गिळला जातो?" याकोमिनाने सावकाश विचारलं.

"हो. दगडांवर रेघ धड दिसतच नाही. म्हणून तर या मेखा. मी बाबांना म्हटलं होतं, पहिलं वादळ येईल तेव्हा पाणी जिथवर येईल तिथे एक मेख लावाल का? ते म्हणाले, लावीन. 'तुझ्या दगडांची पहिली परीक्षा आहे, मार्क मीच देणार.'" तिने मेखा मुठीत गोळा केल्या. "शब्द दिला होता त्यांनी. मेखा खिशातच राहिल्या."

"सगळ्या?"

तानेकेने वर बघितलं.

"मोजून दिल्या होत्यास का?"

"मूठभर दिल्या होत्या. मोजल्या नाहीत." ती उभी राहिली. "बाई, तुम्ही काय म्हणताय?"

"अजून काहीच नाही. मी कालपासून एक चूक करतेय. माझ्या वडिलांनी ती करू नको म्हणून सांगितलं होतं."

५

ती बांधाच्या माथ्यावर थांबली नाही. पायऱ्यांनी थेट खाली, ओहोटीच्या पाण्यापर्यंत गेली, समुद्राकडे पाठ केली आणि वर बघितलं.

काल सगळ्यांनी माथ्यावरून बघितलं होतं. वरून रेघ नुसती रेघ दिसत होती. खालून ती वेगळी दिसली.

डांबरी बाजूला काड्या एकमेकींना समांतर निजल्या होत्या, विंचरल्यासारख्या, आणि त्यांत वाळू बसली होती. पण खांबाजवळ ही ओळ एकदम विरळ झाली होती, कोणीतरी त्यातून मूठ मूठ उचलावी तशी. खांबाच्या पलीकडे काड्या आडव्या-तिडव्या होत्या, ढिगाढिगाने, आणि त्यांत वाळूचा कण नव्हता.

ती दगडांच्या बाजूने चढायला लागली. गुडघे कुरकुरत होते. दगड संपून गवत सुरू झालं तिथे ती थांबली. वरची रेघ अजून तिच्या डोक्याइतकी उंच होती. आणि तिच्या पायांशी, गवतात, मेंढ्यांच्या लेंड्या होत्या. गोल, कोरड्या, जिथल्या तिथे.

तिने एक उचलून बघितली. ती तशीच टणक होती.

"देवा," ती म्हणाली. त्यात आनंद किती आणि भीती किती, हे तिलाही कळलं नाही.

मग ती पुन्हा खाली वळली आणि हातांनी चाचपत दगडांच्या फटी बघू लागली. फटींत लव्हाळं होतं, शिंपले होते, आत ओढून घेतलेले. वारा आता सुटला होता. तिची ओढणी तोंडावर येत होती. क्राइन पडला होता त्या जागेच्या जरा वर, दोन दगडांच्या मध्ये, लव्हाळ्याखाली, काहीतरी नारिंगी चमकलं.

६

दुपारी चौघं तिच्या बोलावण्यावरून पांढऱ्या खांबाशी आले: रोम्बाउट, तानेके, लेविन आणि इझाक. समुद्र करडा झाला होता आणि लांबवर पांढरं फुटत होतं.

"बाई, मला वेळ नाही," रोम्बाउट म्हणाला. "बसगाड्या बोलावल्यात."

"म्हणूनच बोलावलं. खाली चल. गवताच्या कडेला. पायाखाली बघ."

रोम्बाउटने बघितलं. "लेंड्या आहेत."

"सोमवारी दुपारच्या. त्यानंतर मेंढ्या आत गेल्या. तुझ्या मते यांच्यावरून समुद्र जाऊन आला, क्राइनला घेऊन गेला, आणि एक लेंडी हलली नाही. चिखल होणं सोड, ओलीही झाली नाही."

लेविन हसणार होता, पण हसला नाही.

"आता रेघ बघ," याकोमिना म्हणाली. "डांबरावर लाट उंच जाते, दगडांवर कमी. मग या खांबापाशी रेघेने गुडघा वाकवायला हवा होता. ती वाकलीच नाही. साठलेलं पाणी सपाट असतं, रोम्बाउट. चढणारी लाट कधीच नसते. तुला हे ठाऊक आहे, तानेकेला ठाऊक आहे, मलाही आहे. तरी काल कोणाला खटकलं नाही. का? कारण गेल्या वर्षीपर्यंत दोन्हीकडे डांबर होतं आणि रेघ बरोब्बर इथेच पडायची. आपण सगळ्यांनी तो कचरा वर्षानुवर्षं इथूनच दाताळ्याने ओढून नेला. डोळ्यांना सवय झाली होती."

"म्हणजे ही कोणी मांडली?" रोम्बाउटचा चेहरा उतरला. त्याने लेविनकडे बघितलं.

"ज्याने मांडली ते दाताळं माझंच होतं," लेविन सरळ म्हणाला. "मी नव्हतो."

"तो नव्हता," याकोमिना म्हणाली. "त्याने सोमवारी लाटा दगडांत बसताना डोळ्यांनी बघितल्या. ज्याने ते बघितलं तो रेघ इतक्या वर मांडणार नाही. रोम्बाउट, रात्री मला तुझाही संशय आला होता. माफ कर. पण टाकीतले प्रयोग तू बघितलेस. तुला लबाडी करायची असती तर तू रेघ खांबापाशी थोडी तरी वाकवली असतीस. ही रेघ मांडणाऱ्याला जुनी जागा पाठ होती आणि नवी ठाऊक नव्हती. पहाटे तो इथे आला. डांबरावर रेघ होती, दगडांवर दिसेना, कारण दगडांनी कचरा गिळला होता. त्याला वाटलं, विस्कटली असेल. त्याने ती जिथे असायची तिथे पुन्हा मांडली. नव्या दगडांवरचं पहिलं वादळ त्याने बघितलंच नव्हतं."

ती बोलायची थांबली. कोणाचंही नाव तिने घेतलं नाही. तिने इझाककडे बघितलंही नाही. वारा शीळ घालत होता.

"पण इझाककाका तर इथेच होते," तानेके म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला कळलं.

इझाकने टोपी काढली. वाऱ्यात त्याचे पांढरे केस उभे राहिले.

"योझिना बाहेर पडली होती," तो म्हणाला. "शेडमधल्या फोनवर शेजारणीने कळवलं. मी क्राइनला म्हटलं, आत्ता जाऊन येतो. तो म्हणाला, जा रे, मी कुठे पळून जातो. ओढ्यात सापडली मला ती, गुडघाभर पाण्यात, चर्चचे जोडे घालून. घरी नेली, कोरडी केली. ती थरथरत होती. हात धरून बसलो, जरा डोळा लागू दे तिचा म्हणून." त्याने टोपी चुरगाळली. "माझाच लागला. जागा झालो तेव्हा उजाडत होतं."

इझाकने उताराकडे बोट दाखवलं.

"आलो तर तो खाली. थंडगार. मला वाटलं, लाटेनेच नेला. दुसरं काय होणार? नेहमी पाणी तिथवरच यायचं. मी असतो तरी काय करणार होतो, असं वाटलं. पण रेघ दिसेना. लोक म्हणतील, पाणी आलंच नाही तर माणूस पडला कसा, आणि तू कुठे होतास. मग योझिनाचं निघेल. मग तिला नेतील." तो याकोमिनाकडे वळला. "पण लाटच होती ना, याकोमिना? एवढं तरी सांग."

हा प्रश्न येणार हे तिला सकाळपासून माहीत होतं. खोटं बोलावं असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"नाही, इझाक," ती हळूच म्हणाली. तिने कोटाच्या खिशातून रुमाल काढून तानेकेच्या हातात दिला. "ही जिथे रोवलेली होती तिथे मी खडूने खूण केलीय. दगडांच्या अर्ध्यावर. क्राइन आपला शब्द पाळायला स्वतः खाली उतरला होता. मेख लावली, आणि वर येताना घसरला."

तानेकेने रुमाल उघडला. नारिंगी मेख होती.

"अर्ध्यावर," ती पुटपुटली. "बाबा, अर्ध्यावर." मग ती मटकन गवतात बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडली.

इझाक हलला नाही. क्राइन किती वेळ जिवंत होता, हे त्याने विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो आता आयुष्यभर तेच मोजत बसणार.

७

रोम्बाउटने बसगाड्या परत पाठवल्या. फोन खिशात ठेवला आणि मागे वळला.

"बांध टिकेल," तो तानेकेला म्हणाला. "तुझे दगड टिकतील. मी सभेत हे सगळ्यांसमोर सांगेन." मग इझाककडे न बघता, "तुझं काय करायचं ते नंतर. आज मला माणसं कमी आहेत."

तानेके उठली. तिने डोळे पुसले आणि खिशातून उरलेल्या मेखा काढल्या.

"बाबांनी एक लावली. बाकीच्या आज मी लावते. आजची लाट मोठी आहे, तिची जागा कळायला हवी."

"एकटीने नाही," रोम्बाउट म्हणाला. "जोडीशिवाय कोणी जात नाही."

लेविनला मेंढ्या सांभाळायच्या होत्या. रोम्बाउटला पलीकडच्या टोकाला जायचं होतं. वाऱ्याचा एक झोत आला आणि सगळे क्षणभर वाकले.

"मी येतो," इझाक म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मला हक्क नाही, ठाऊक आहे. पण तो उतार मला पाठ आहे."

तानेकेने हातातल्या मेखांकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. याकोमिनाने मनातल्या मनात हात जोडले. काय मागायचं ते तिला सुचेना.

"जुना उतार पाठ आहे तुम्हाला, काका," तानेके शेवटी म्हणाली. "नवा नाही. तुम्ही पुढे चालायचं. मला दिसाल असे. पूर्ण वेळ."

"पूर्ण वेळ," इझाक म्हणाला. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. त्या हातात तिने एक मेख ठेवली.

मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो गावाकडे वळून बघू लागला. "योझिना," तो म्हणाला.

"मी बसते तिच्याजवळ," याकोमिना म्हणाली. "तू परत येईपर्यंत. आणि उद्याही येईन, परवाही. नंतर कोण कोण येईल त्याचं बघू आपण. गावाला सांगितलं असतंस तर गाव आलं असतं, इझाक."

"लाज वाटली."

"माहीत आहे."

ती घरी गेली, वाटाण्याचं घट्ट सूप फडक्यात बांधलं आणि पुस्तक काखेत घेतलं. संध्याकाळची प्रार्थना ती कधी दुसऱ्याच्या घरी म्हणत नसे. आज म्हणणार होती. दाराबाहेर आली तेव्हा बांधाच्या माथ्यावर दोन माणसं दिसत होती. पुढे एक वाकलेला म्हातारा, चार पावलं मागे एक ताठ मुलगी. पायऱ्यांपाशी म्हातारा थांबला आणि त्याने मागे वळून बघितलं, ती आहे ना म्हणून.

याकोमिनाने डोक्याला ओढणी घट्ट बांधली, भांडं छातीशी धरलं, आणि वाऱ्याकडे तोंड करून निळ्या दाराच्या घराकडे चालू लागली.